चौदा गाठोड्यांची ओळ

आमच्या रोहण्याची माती इतकी काळी आणि चिकट, की ओली असताना तिच्यावर पाऊल ठेवलं तर ती चप्पल ठेवून घेते आणि माणूस सोडते. या मातीत कापूस पिकतो, तूर पिकते, आणि माणसंही पिकतात. त्यातले जे पुढारी झाले त्यांच्याबद्दल पुढारी बोलतील. मी कुंताबाईबद्दल सांगतो, कारण तिच्याबद्दल सांगणारा दुसरा कोणी राहिला नाही.

कुंताबाई उंच होती, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखी सरळ आणि काटक. तिला अक्षर एक येत नव्हतं. अंगठा उठवायची वेळ आली की ती आधी अंगठा लुगड्याला पुसून घ्यायची, कागद मळू नये म्हणून. कापूस वेचणाऱ्या चौदा-पंधरा बायांची ती मुकादमीण. पहाटेचं दव उडालं की बायांची रांग तिच्यामागं वावरात शिरायची, आणि दिवस कलला की डोक्यावर पांढरी गाठोडी घेऊन तिच्याच मागं बाहेर यायची. तिचा नवरा रामाजी बैलांशी बोलायचा तेवढं माणसांशी बोलत नसे. "याच्या वाट्याचं देवानं मलेच बोलायले लावलं," असं ती हसून सांगायची, आणि रामाजी मान हलवून तेवढ्यालाही होकारच द्यायचा.

तिची एक रीत होती. वेचणीत रोज संध्याकाळी वाद व्हायचा. एका बाईचा पुरा दिवस भरला असं किती कापसाला म्हणायचं? शेतमालक बोट दाखवायचा जिजाबाईच्या गाठोड्याकडे. जिजाबाई ही कुंताबाईची जाऊ. तिचे हात असे चालायचे, की बोंडाला कळायच्या आत कापूस ओटीत. "सगळ्यायनं एवढा वेचला पाह्यजे," असं मालक म्हणायचा. बाया बोट दाखवायच्या म्हाताऱ्या मंदाबाईच्या गाठोड्याकडे. "बिचारीनं दिवसभर पाठ नाई उचलली, तरी एवढाच झाला." मग दोन्ही बाजूंची बोटं आणि आवाज वाढत जायचे.

कुंताबाई मालकीण झाल्यासारखी पुढे व्हायची आणि सगळी गाठोडी लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत मांडायला लावायची. मग दोन्ही टोकांकडून एकेक गाठोडं मोजत मध्यावर यायची आणि त्यावर हात ठेवायची. "हा आजचा दिवस. याच्या जवळपास जिचं आलं तिचा दिवस भरला." जिजाबाईनं त्या दिवशी दुप्पट वेचला तरी मधलं गाठोडं हलायचं नाही, आणि मंदाबाई अर्ध्या दिवसात घरी गेली तरी हलायचं नाही. मालक कुरकुरायचे, पण तिच्या ओळीत खोट काढणं कोणाला जमलं नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिचं बियाणं.

तिच्या सासऱ्यानं, श्रावणबाबानं, आयुष्यभर एकच छंद केला. वावरात हिंडून निवडक झाडांचा कापूस वेगळा वेचायचा, घरच्या रेच्यावर त्याची सरकी काढायची आणि मडक्यात राख घालून ठेवायची. म्हातारा गेला तेव्हा मडकी कुंताबाईकडे आली. रोहिणी नक्षत्र लागलं की तिच्या ओसरीवर माणसं यायला लागायची. पाटील यायचे, कुणबी यायचे, कुणी पोतं घेऊन, कुणी नुसता पंचा घेऊन. ती पैसा घेत नसे. जेवढं नेलं तेवढं हंगामानंतर आणून द्यायचं, एवढाच करार. पण त्या आठ-दहा दिवसांत ती ओसरीवर बसायची ती अशी, की गावची पाटीलकी तिच्याकडे आली असावी. प्रत्येकाला चहा, प्रत्येकाला दोन शब्द ऐकवणं, आणि प्रत्येकानं ते मान खाली घालून ऐकणं. अंगठा उठवणाऱ्या बाईला गावात एवढा मान दुसरा कशानं मिळणार?

त्या वर्षी, एकोणीसशे चौपन्नच्या उन्हाळ्यात, शेतकी खात्याचा श्रीधर नावाचा तरुण असिस्टंट लहान रुळांच्या आगगाडीतून उतरला. सायकल गाडीच्या डब्यातून खाली काढताना तिची घंटी वाजली आणि स्टेशनवरची कुत्री त्याच्यामागं लागली, तेव्हापासून गाव त्याला ओळखू लागलं. नागपूरला शिकलेला, बोलायला मऊ, अंगावर खाकी अर्धी चड्डी. त्याच्याजवळ लांब धाग्याच्या कापसाचं नवं बियाणं होतं.

दौलतराव पाटलांच्या बैठकीत त्यानं ते मांडलं. दौलतराव जुने कुस्तीगीर, कान मुडपलेले, हसले की सगळी बैठक हलायची.

"बाबूजी," ते म्हणाले, "आमच्या कुंताबाईच्या सरकीले हरवणारं बियाणं अजून पैदा नाई झालं."

"मग लावून पाहू," श्रीधर म्हणाला.

"कुस्ती?"

"कुस्तीच समजा."

कुंताबाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "लावा ना बाबू. पण गावासमोर. जे जिंकलं थे गाव पेरन. मी मडके पालथे घालून ठेवीन, शब्द देतो." बायाही आमच्याकडे कधी कधी तावात आल्या की 'देतो' म्हणतात. ती तावात होती.

दौलतरावांच्या साडेतीन एकरांच्या वावरात श्रीधरनं दोर लावून चौदा सारखे पट्टे पाडले. कुठल्या पट्ट्यात कोणतं बियाणं, हे त्यानं आपल्या मनानं ठरवलं नाही. टोपीत चौदा चिठ्ठ्या टाकल्या आणि त्या दौलतरावांना काढायला लावल्या, म्हणजे चांगली जमीन एकाच बाजूला गेली असं कोणी म्हणू नये. सात पट्टे कुंताबाईच्या गावरानी सरकीचे, सात नव्या बियाण्याचे. पूर्वेच्या कोपऱ्यातला पहिला पट्टा गावरानीला आला. प्रत्येक पट्ट्याच्या तोंडाशी त्यानं खुंटी ठोकली आणि बजावलं, "ज्या पट्ट्याचा कापूस, त्याच पट्ट्याच्या गाठोड्यात. एक बोंडही इकडचं तिकडं नको."

"आमाले का बह्याड समजता?" जिजाबाई म्हणाली.

पाऊस त्या साली बरा झाला. दिवाळीनंतर बोंडं फुटली आणि वावर असं दिसू लागलं जसं चांदणं येऊन झाडांवर बसलं आणि उठायचं विसरलं. वेचणीचा मुहूर्त धरला. आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. वावराच्या कोपऱ्यात दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, मगच वेचायला लागायचं. हे बायांचं काम. पुरुषांनी तेवढा वेळ धुऱ्यापलीकडे, बांधाबाहेर थांबायचं. श्रीधरही थांबला. नंतर त्याला पळसाच्या पानावर दहीभात मिळाला आणि त्यानं तो बोटं चाटून खाल्ला.

त्यानंतर तीन वेचण्या झाल्या. चौदा पट्ट्यांच्या चौदा बाया ठरलेल्या होत्या. गावरानीच्या गाठोड्यांना पांढरा धागा, नव्याच्या गाठोड्यांना लाल. माघ लागला तेव्हा दौलतरावांच्या आवारात सगळी गाठोडी आली आणि काटा टांगला. सगळं गाव जमलं. श्रीधर वही घेऊन बसला, दौलतराव मोठ्यानं आकडा पुकारत होते.

नव्या बियाण्याची सात गाठोडी साडेचौतीस शेरापासून चाळीस शेरापर्यंत भरली. गावरानीची सहा गाठोडी एकतीसपासून सदतीसपर्यंत. आणि शेवटी पहिल्या पट्ट्याचं गाठोडं काट्यावर चढलं तेव्हा काट्याची साखळी करकरली.

"बासष्ट शेर!" दौलतराव ओरडले, आणि स्वतःच मांडीवर थाप मारली.

श्रीधरनं बेरजा केल्या, सातानं भागलं, पुन्हा एकदा भागलं. मग तो उभा राहिला. "गावरानीची सरासरी सव्वाअडतीस शेर. नव्याची पावणेअडतीस." वहीवर बोट ठेवून म्हणाला, "अर्ध्या शेरानं गावरानी जिंकली."

त्यापुढचा गलका काय सांगू! दौलतरावांनी गुळाची भेली फोडायला सांगितली. कोणी रामाजीलाच खांद्यावर घ्यायला निघालं, तो बैलांमागं लपला. श्रीधर बिचारा हसतमुखानं वही मिटत होता. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निकाल कळवायचा होता, आणि त्याच्या वरिष्ठांनी एकदा 'रोहण्यात नवं बियाणं हरलं' असं लिहून घेतलं, की पुन्हा ते इकडे यायचं नव्हतं.

कुंताबाईच्या तोंडात गूळ होता. पण ती चावत नव्हती. ती त्या बासष्ट शेरी गाठोड्याभोवती फिरत होती, जशी बाजारात म्हैस घेणारा माणूस म्हशीभोवती फिरतो.

"काय पाह्यतं वं कुंते?" जिजाबाई म्हणाली. "नजर लागंन आपल्याच कापसाले."

"जिजे, पाव एकरात बासष्ट शेर कधी पाह्यला तुनं?"

"आज पाह्यला ना!"

कुंताबाईनं गाठोड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून मूठभर कापूस ओढून काढला. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो हळूच ताणला. धागा लांब गेला. आणखी लांब गेला. गावरानीचा धागा बोटाच्या दोन पेरांत तुटतो. हा तुटेना. तिनं दुसरी मूठ काढली. तिच्यातही तसाच लांब, तुकतुकीत कापूस निघाला. आणि ती मूठ हातात धरून गाठोड्याशी खाली बसली.

"माय वं," ती म्हणाली. "सीतादही!"

जिजाबाईच्या लक्षात यायला क्षणभर लागला, आणि आलं तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला. आमच्या गावची रीत अशी, की सीतादहीच्या दिवशी प्रत्येक बाईची पहिली ओटी पूर्वेच्या कोपऱ्यात एकाच ठिकाणी ओतायची. ती लक्ष्मीची रास. तिच्यापुढं दहीभात ठेवायचा. एरवी सगळं वावर एकाच मालकाचं, रास कुठं का पडेना. या वर्षीही चौदा बाया चौदा पट्ट्यांतून दोन-दोन शेर घेऊन आल्या आणि पूर्वेच्या कोपऱ्यात ओतून गेल्या. तो कोपरा पहिल्या पट्ट्याचा होता. श्रीधर धुऱ्यापलीकडे, आणि बायांच्या हिशेबात देवीची ओटी म्हणजे पट्ट्याचा कापूसच नव्हे. बोंड इकडचं तिकडं करू नका हे त्यांनी पाळलंच होतं. देवीचं बोंड त्यात कोण धरणार?

"गप बस," जिजाबाई पदराआडून पुटपुटली. "कोणाले मालूम हाये? तुह्यं बियाणं जिंकलं. देवीनंच जिंकवलं म्हण."

कुंताबाई गप्प बसलीही. मी तिच्यासमोरच होतो, म्हणून सांगतो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण गुळाचा खडा विरघळण्याइतका. आवारात तिच्या नावाचा गजर चालला होता. तिच्या सासऱ्याची मडकी, तिची ओसरी, तिचा चहा, रोहिणी नक्षत्रातले ते आठ दिवस, सगळं त्या एका गाठोड्यात बांधलेलं होतं. आणि गाठ तिच्याच हातात.

मग ती उठली.

"ओ शेतकीबाबू! वही उघडा. निकाल खोटा हाये."

तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. मग दौलतराव म्हणाले, "आता देवीचा कापूस कसा निवडून काढता? दहीभात तं बाबूनं खाल्ला."

लोक हसले. श्रीधर मात्र डोक्याला हात लावून बसला. "अख्ख्या वर्षाची मेहनत गेली. हा प्रयोगच रद्द करावा लागेल."

"थे गाठोडं टाकून द्या ना," कोणी सुचवलं.

"नाही," श्रीधर म्हणाला. "आज कारण सापडलं म्हणून हे टाकलं. उद्या ज्याला जे आवडत नाही ते तो टाकेल, आणि कारण शोधून आणेल. मग निकालाला अर्थ काय?"

"नका टाकू," कुंताबाई म्हणाली. "राहू द्या त्याले. आमाले सरासरी-बिरासरी समजत नाई बाबू. पण तुमच्या भागाकारात एक हत्ती घुसला तं सगळ्या बकऱ्या हत्तीएवढ्या होतात. माह्या ओळीत हत्तीले एकच जागा भेटते. बासष्ट शेराचा असो का सहाशे शेराचा."

"कोणती ओळ?"

"मांडा रे," तिनं गड्यांना हुकूम सोडला.

चौदाही गाठोडी वजनाप्रमाणे एका ओळीत लागली. सर्वांत हलकं भिंतीशी, सर्वांत जड फाटकाशी. लाल आणि पांढरे धागे उन्हात दिसत होते. आणि मग कोणाला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. भिंतीकडे पांढरे दाटले होते. फाटकाकडे एकापाठोपाठ पाच लाल उभे होते, आणि त्यांच्याही पुढे एकटं ते देवीचं गाठोडं, वरातीत नवरदेवाच्या पुढे नाचणाऱ्या माणसासारखं.

कुंताबाईनं पांढऱ्यांतलं मधलं काढलं. पस्तीस शेर. लालांतलं मधलं काढलं. अडतीस शेर. तिनं दोन्हींवर एकेक हात ठेवला. लाल गाठोड्यावरचा हात जरा जास्त वेळ राहिला.

"तीन शेरानं तुमचं बियाणं जास्त हाये, बाबू," ती म्हणाली.

श्रीधर ओळीपुढं उकिडवा बसून बोटं मोजत होता. एकदम तो दौलतरावांकडे वळला. "पाटील, कुस्तीच लावू. प्रत्येक लाल पहिलवान प्रत्येक पांढऱ्याशी लढेल. सात गुणिले सात, एकोणपन्नास कुस्त्या. जो जड तो जिंकला. किती फरकानं, ते विचारायचं नाही."

आता दौलतरावांना रस आला. ते स्वतः ओळीतून फिरले, एकेका गाठोड्याला थोपटत, आणि एकोणपन्नास कुस्त्यांचा निकाल त्यांनी पुकारला. अडतीस कुस्त्या लालनं मारल्या, अकरा पांढऱ्यानं. त्या अकरांपैकी सात एकट्या देवीच्या गाठोड्याच्या.

"आणि बाकीच्या तेरांमधून सारखीच दोन-दोन शेर ओटी गेलेली आहे," श्रीधर स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "म्हणजे त्यांचा आपसातला क्रम बिघडलेला नाही. मी कुठल्याशा मासिकात हे वाचलं होतं, वजन विसरून नुसते क्रम पाहायचे म्हणून. तेव्हा वाटलं, ही आळशी लोकांची रीत आहे." मग त्यानं मान वर केली. "पण कुंताबाई, खरं सांगतो. धागे डोळे मिटून बांधले असते, तरी शंभरातून पाचेक वेळा लाल असेच पुढे आले असते. योगायोगानं. म्हणून अजून एक वर्ष पाहायला हवं."

"शंभरात पाच?" कुंताबाई म्हणाली. "बाबू, आमचा पाऊस शंभरात पन्नास वेळा खोटं बोलते. तरी पेरतोच ना आमी?"

श्रीधरनं वहीत सगळं लिहिलं. सीतादहीही लिहिलं. पुढे त्याच्या साहेबांनी 'सीतादही म्हणजे काय, खुलासा करावा' असा शेरा मारून तो कागद परत पाठवला, असं तो सांगत असे. खुलासा म्हणून त्यानं काय लिहिलं ते त्यानं कधी सांगितलं नाही.

रोहिणी नक्षत्र लागलं. श्रीधर नव्या बियाण्याची पोती घेऊन आला आणि ती दौलतरावांच्या बैठकीत उतरली. गावातली माणसं तिकडे गेली. कोणी कुंताबाईच्या ओसरीवरून जाताना खाली पाहायचे, कोणी घाईनं रामराम करायचे. तिनं ओसरी सारवून ठेवली होती. मडकी मात्र पालथी घातली नव्हती; बाबूनंच अजून एक वर्ष पाहायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

"बरं झालं," ती रामाजीला म्हणाली, "यंदा चहाची साखर वाचली."

रामाजीनं खूप वेळ विचार केला आणि म्हणाला, "मले दे दोन कप."

ती एवढी हसली की शेजारच्या अंगणातून जिजाबाई पाहायला आली. जिजाबाई येऊन ओसरीवर टेकली. कुंताबाईनं तिला चहा दिला. अर्धा कप संपल्यावर जिजाबाईनं कमरेची रिकामी टोपली मांडीवर घेतली.

"दोन तासांपुरती, नुसत्या दोन ओळींपुरती, सरकी दे," ती म्हणाली. "बाकी वावरात नवंच पेरून राह्यलो आम्ही. तुह्यं कायले नको म्हणू?"

"तुह्या नवऱ्यानं पाठवलं?"

"त्याले काय समजते! मीच आली. नवी सून घरात आली म्हणून सासूले काय विहिरीत लोटतात?"

"सासू कोण वं? मी?"

"तुह्यी सरकी! तू तं चेटकीणच हायेस. जिंकलेली कुस्ती सोडून देते का कोणी?"

कुंताबाई आत गेली. तिनं स्वतःच्या तीन एकरांतलं दोन एकर नव्या बियाण्याला काढून ठेवलं होतं आणि एक श्रावणबाबाच्या. ती टोपली भरून घेऊन आली, दोन तासांना लागते त्याहून पुष्कळ जास्त. वरून आणखी दोन मुठी टाकल्या.

"एवढी कायले?" जिजाबाई म्हणाली.

"पेर. अन् पुढच्या साली सीतादहीची ओटी आणशीन तं कोणत्या तासाची आणली ते सांगून ओतजो."

जिजाबाईनं टोपली डोक्यावर घेतली. जाताना ती गल्लीतून अशी रमत गेली, की दौलतरावांच्या बैठकीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला टोपली दिसावी. संध्याकाळपर्यंत आणखी दोघं ओसरीवर आले. पोती कोणी आणली नव्हती, पंचेच होते. कुंताबाईनं साखरेचा डबा खाली काढला.